विलीनीकरण शाळांचंच का, कार्यालयांचं का नाही?

पारशिवनी किंवा भिवापूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचं छत गळायला लागलं, तर ते दुरुस्त करणं नेमकं कोणाचं काम? मुख्याध्यापक आसपासच्या शाळांच्या केंद्रप्रमुखांना कळवतो, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांना. गटशिक्षणाधिकारी बसतात पंचायत समितीत आणि तिथले कार्यालयप्रमुख असतात गटविकास अधिकारी, म्हणून पत्र त्यांच्याही टेबलावरून जातं. मग ते नागपूरला, सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा परिषदेत, प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचतं. इथवर रांग निदान सरळ आहे. गुंता पुढे सुरू होतो. अंदाजपत्रक कोण करणार, बांधकाम विभागाचा शाखा अभियंता की केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत कंत्राटावर घेतलेला अभियंता? पैसा कुठून येणार? समग्र शिक्षेतून, जिल्हा नियोजन समितीतून, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, की ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून? शाळा उमरेड-सावनेरकडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात असेल तर खाणपट्ट्यातल्या गावांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचाही निधी आहे. पाच ठिकाणी पैसा आहे, पाचही ठिकाणी सही करणारा वेगळा आहे आणि पाचही जण ‘ते काम दुसऱ्या शीर्षात बसतं’ असं प्रामाणिकपणे सांगू शकतात. खोली अगदीच मोडकळीला आली असेल तर ती पाडायच्या आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव लागतो. तो मंजूर होईपर्यंत वर्ग व्हरांड्यात भरतो.

या रांगेतला कोणीही कामचुकार नाही असं धरून चाला. सगळे वेळेवर कार्यालयात येतात, पत्राला उत्तर देतात, फाइल अडवत नाहीत. तरीही छत पुढच्या पावसाळ्याआधी दुरुस्त होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. दोष माणसांचा असता तर बदलीने सुटला असता. आपल्याकडे बदल्या काही कमी होत नाहीत.

प्रशासन फुगलं असं म्हटलं की शिक्षक संघटनांचे आणि अधिकाऱ्यांचेही कान टवकारतात. ‘फुगलंय कुठे साहेब, अर्ध्या जागा तर रिकाम्या!’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याची खुर्ची रिकामी म्हणून विस्तार अधिकाऱ्याकडे प्रभार, विस्तार अधिकारी कमी म्हणून एकाकडे दोन बीट म्हणजे शाळांचे दोन गट, केंद्रप्रमुख नाही म्हणून एखाद्या शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकाकडे केंद्राचा प्रभार. जिल्ह्यातल्या तेराही पंचायत समित्यांमध्ये कुठे ना कुठे हे चित्र दिसतं. पण यातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. आपल्याकडे माणसं फुगलेली नाहीत, पदं फुगलेली आहेत. खुर्च्या इतक्या मांडल्या की बसायला माणसं पुरेनात, मग एकच माणूस तीन खुर्च्यांवर आलटून पालटून बसतो आणि ज्या खुर्चीवर तो या क्षणी नाही, तिथलं काम थांबतं. म्हणून ‘सगळी रिक्त पदं भरा’ ही संघटनांची मागणी मला अर्धीच पटते. खालची भरा. वरची मात्र भरण्याआधी ती हवीत कशाला, हे एकदा विचारा.

या खुर्च्या एका दिवसात मांडल्या गेल्या नाहीत. नागपूर जुन्या मध्य प्रदेशात असताना १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभांकडे इथल्या प्राथमिक शाळांचा कारभार होता. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा कल्पना स्वच्छ होती: गावच्या शाळेचा निर्णय जिल्ह्यातच व्हावा, मुंबई-पुण्याला जावं लागू नये. त्यावर थर चढत गेले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी डाएट ही जिल्हा पातळीवरची संस्था आली. १९९४ मध्ये केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने गट साधन केंद्रं, समूह साधन केंद्रं आणि कंत्राटी मनुष्यबळ आणलं. २००९ मध्ये माध्यमिकसाठी वेगळं अभियान निघालं. २०१८ मध्ये दिल्लीने या सगळ्याची मोट बांधून समग्र शिक्षा अशी एकच योजना केली. योजना एक झाल्या, पण त्यांच्यासाठी खाली उभी राहिलेली कार्यालयं, कक्ष, समन्वयक आणि विवरणपत्रं आपापल्या जागी राहिली.

यातला प्रत्येक थर चढला तेव्हा त्याला चांगलंच कारण होतं, हेही मान्य करायला हवं. केंद्रप्रमुख हा तर माझ्या मते गेल्या काही दशकांतला सर्वांत शहाणा विचार होता. आसपासच्या मूठभर शाळांसाठी एक अनुभवी शिक्षक, ज्याने वर्गात जाऊन बसायचं, नवख्या शिक्षकाला भागाकार शिकवायची दुसरी पद्धत दाखवायची, एका शाळेतली चांगली गोष्ट दुसऱ्या शाळेत न्यायची. आज बहुतेक केंद्रप्रमुखांचा दिवस व्हॉट्सॲपवर जातो. वरून आलेली लिंक खाली पाठवायची, खालून आलेले आकडे वर पाठवायचे, ‘अजून तीन शाळा पेंडिंग’ असा संदेश टाकायचा. विषय शिकवण्यात मदत करायला म्हणून साधनव्यक्ती आहेत. त्यांचाही दिवस तसाच जातो.

शाळेला भेट देण्याचा अधिकार किती जणांना आहे ते मोजून पाहा. केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, गट साधन केंद्रातले साधनव्यक्ती, डाएटचे अधिव्याख्याते, पोषण आहाराचे अधीक्षक, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि उपशिक्षणाधिकारी. शिवाय गटविकास अधिकारी येऊ शकतात आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा दौरा तर केव्हाही निघू शकतो. शेरेबुक भरत जातं. तांदळाची नोंद बघितली जाते, स्वच्छतागृह बघितलं जातं, यूडायस या सरकारी शाळा-माहिती प्रणालीत माहिती भरली का विचारलं जातं. इतक्या लोकांपैकी एक जण चाळीस मिनिटं वर्गात मागच्या रांगेत बसून शिक्षकाचा तास ऐकतो, असं क्वचितच घडतं. प्रत्येकाला वाटतं, ते काम दुसऱ्याकडे आहे. आणि खरंच, कागदावर ते दुसऱ्याकडेही आहे.

आता या उतरंडीच्या तळाशी या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीनुसार साठपर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तरच. उच्च प्राथमिकला ही मर्यादा १०० आहे. म्हणजे जिल्ह्याच्या कडेकोपऱ्यातल्या असंख्य छोट्या शाळांना मुख्याध्यापक असतच नाही, असतो प्रभारी. चार वर्ग, दोन शिक्षक आणि त्यातल्या एकाकडे शाळेचं सगळं टपाल. पोषण आहाराची रोजची नोंद, यूडायस प्लस, मुलांचे आधार आणि अपार आयडी, निपुण भारतच्या चाचण्यांचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त. कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं सांगितलं आहे. पण माहिती भरणं हे अशैक्षणिक काम नाही, असं एकदा ठरवलं की कायदाही पाळला जातो आणि वर्गही रिकामा राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षक संघटनांनी सरकारी व्हॉट्सॲप गटांमधून बाहेर पडण्याचं आंदोलन केलं, तेव्हा बाहेरच्या लोकांना ते हास्यास्पद वाटलं असेल. प्रभारी मुख्याध्यापकाला नसेल वाटलं.

याच शाळेच्या हातात पैसा किती असतो? तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. खडू-फळ्यापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळं त्यात. विजेचं बिलही बऱ्याचदा त्यातूनच. नेतृत्व, नेतृत्व म्हणून शिक्षकांना जी प्रशिक्षणं दिली जातात, त्यांत हे दहा हजार कसे पुरवायचे याचा एक तास ठेवायला हरकत नाही.

शहरात गोष्ट वेगळी आहे, पण सोपी नाही. महाल किंवा सक्करदऱ्यातली पहिली ते दहावीची एखादी खासगी अनुदानित शाळा घ्या. एकच इमारत, एकच संस्था, एकच घंटा. पण तिचा प्राथमिक भाग एका शिक्षणाधिकाऱ्याच्या ताब्यात आणि माध्यमिक भाग दुसऱ्याच्या. दोन्हीकडे वेगळे मुख्याध्यापक, वेगळ्या मान्यता, पगाराला वेगळी वेतन पथकं. याशिवाय योजनांसाठी तिसरे शिक्षणाधिकारी आहेत. महापालिकेच्या शाळांना महापालिकेचे स्वतंत्र शिक्षणाधिकारी आहेत. देवलापारकडे जा, तर तिथल्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्यांचं प्रकल्प कार्यालय निराळं. या सर्वांवर नागपूर विभागाचे शिक्षण उपसंचालक, ज्यांच्याकडे नागपूरसह वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे सहा जिल्हे. त्यांच्यावर पुण्यात आयुक्त आणि प्राथमिक, माध्यमिक, योजना असे वेगवेगळे संचालक. शेजारीच एससीईआरटी ही अभ्यासक्रम-प्रशिक्षणाची राज्य संस्था, परीक्षा परिषद, राज्य मंडळ. मुंबईत प्राथमिक शिक्षण परिषद आणि अर्थातच मंत्रालय. यातल्या प्रत्येकाला ‘तातडीचे’ असं पत्र काढता येतं, आणि प्रत्येकाचं पत्र फिरून त्याच प्रभारी मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर पडतं.

प्राथमिक आणि माध्यमिक ही फाळणी आता कशावर उभी आहे, हे मला समजलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीला एकत्र धरतो. २०२० चं राष्ट्रीय धोरण पाच-तीन-तीन-चार अशी मांडणी करतं, त्यात नववी ते बारावीचा एक टप्पा आहे. जुनी चौथी-सातवी-दहावीची वीण दोन्हीकडे कुठेच बसत नाही. अभ्यासक्रम बदलला, कायदा बदलला, कार्यालयाच्या दारावरची पाटी तीच. पाचवीचा वर्ग कोणाचा, आठवीचा कोणाचा, यावरून तुकड्या आणि शिक्षक इकडून तिकडे ढकलले जातात, ते या पाटीमुळेच.

एवढे स्तर असले तर निदान गैरप्रकार तरी कोणाच्या नजरेतून सुटणार नाहीत, असा एक युक्तिवाद आहे. नागपूरकरांसमोर तो आता कोणी करू नये. एप्रिल २०२५ मध्ये शालार्थ, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या प्रकरणात नागपूर विभागाच्या शिक्षण उपसंचालकांना अटक झाली. पुढच्या महिन्यांत इतर अधिकारी, कर्मचारी, संस्थांशी संबंधित लोक यांच्यापर्यंत तपास पोचला, पोलिसांना विशेष तपास पथक नेमावं लागलं. आरोप असा की जुन्या तारखांच्या आणि बनावट कागदांच्या आधारे शिक्षकांना मान्यता दिल्या गेल्या, त्यांना शालार्थ आयडी मिळाले आणि सरकारी तिजोरीतून पगार निघत राहिले. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल. मला रस आहे तो साखळीत. संस्था नेमणूक करते, मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतो, शिक्षणाधिकारी वैयक्तिक मान्यता देतात, वरच्या कार्यालयातून आयडी मंजूर होतो, वेतन पथक बिल तयार करतं, कोषागार पैसे सोडतं. सहा चाळण्या. त्यातल्या चार-पाच जणांना ‘आधीच्याने तपासलंच असेल’ असं म्हणता येणं हेच या रचनेचं वैशिष्ट्य आहे. मिलीभगत असेल तर सह्यांची संख्या वाढल्याने ती थांबत नाही, वाटेकरी वाढतात. मिलीभगत नसेल तर सह्या वाढल्याने प्रत्येकाची नजर ढिली होते. एकाच अधिकाऱ्यावर मान्यतेची पूर्ण जबाबदारी असती आणि त्याने दिलेल्या मान्यतांची यादी दर महिन्याला सगळ्यांना दिसेल अशी लावली असती, तर त्या शाळेतल्या इतर शिक्षकांनीच ‘हे गुरुजी आम्ही कधी पाहिले नाहीत’ असं सांगितलं असतं.

घोटाळा बाहेर आल्यावर व्यवस्थेने काय केलं? शिक्षकांना आपली नेमणुकीची जुनी कागदपत्रं शालार्थवर पुन्हा चढवायला सांगितली. म्हणजे चूक वरच्या टेबलांवरची, आणि कागद जमवायचे खालच्यांनी. पडताळणी हवीच होती, वाद त्यावर नाही. पण एखादं टेबल कमी करावं, एखादी सही काढून टाकावी, असा विचारही कोणाच्या मनात आल्याचं दिसलं नाही.

कारण उघड आहे. वरचं पद ही कोणाची तरी पदोन्नती असते. विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, उपसंचालक ही शिडी आहे, आणि शिडीची एक पायरी काढायची म्हटलं की तिच्या खाली उभे असलेले सगळे विरोध करणार. ते चुकीचेही नाहीत, त्यांनी नोकरीची पंचवीस वर्षं त्या पायरीकडे बघत काढलेली असतात. कंत्राटी मंडळींची गोष्ट आणखी कठीण. कित्येकांनी समग्र शिक्षेत तुटपुंज्या मानधनावर उमेदीची वर्षं घातली आहेत. यांना उद्यापासून घरी बसा सांगणं क्रूर होईल, आणि माझा तसा आग्रहही नाही. त्यांना कार्यालयातून शाळेत न्या. पाच-सहा छोट्या शाळांमागे एक कारकून, जो सगळं ऑनलाइन काम करेल, एवढी एक गोष्ट झाली तरी प्रभारी मुख्याध्यापक वर्गात परत येतो. माहिती भरायला माणसं आपल्याकडे आहेत, ती फक्त चुकीच्या मजल्यावर बसली आहेत.

सरकारला काटकसर करता येत नाही असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या राज्यातल्या १४,७८३ शाळांचा हिशेब मांडला गेला आणि त्यांच्या जागी समूह शाळा काढाव्यात अशी चर्चा सुरू झाली. विदर्भात, विशेषतः जंगलपट्ट्यात, याचा अर्थ काय हे सांगायला नको. सात-आठ वर्षांच्या मुलाने पावसाळ्यात नाला ओलांडून दुसऱ्या गावी जायचं. या आकड्यावर महाराष्ट्रभर रान उठलं ते योग्यच झालं. पण त्या वेळी कोणी असा हिशेब मागितला नाही की एकाच कामासाठी किती कार्यालयं आहेत आणि त्यातली किती एकत्र करता येतील. पट कमी म्हणून शाळा एकत्र करायची, तर काम कमी म्हणून किंवा तेच काम दोघं करतात म्हणून कार्यालय एकत्र का करायचं नाही? कार्यालय दोन किलोमीटर लांब गेलं तर कोणाचं मूल शाळा सोडत नाही.

मला सुचतं ते असं. जिल्ह्याला शिक्षणाचा एकच प्रमुख अधिकारी असावा, बालवाडीपासून बारावीपर्यंत, आणि त्याच्या हाताखाली सहायक असावेत, समकक्ष नकोत. आज शिक्षणाधिकारी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना उत्तर देतात आणि पुण्याच्या संचालकांनाही, दोघांची पत्रं उलटसुलट असली की ‘मार्गदर्शन मागवलं आहे’ म्हणून मोकळे होतात. ही पळवाट बंद व्हावी. शहरापुरतं जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्यातलं दुहेरी शासन संपवणं अवघड आहे, कारण तिथे दोन स्वतंत्र स्थानिक संस्था आहेत. तो वाद मी इथे वाढवत नाही. केंद्रप्रमुखाकडून माहिती गोळा करण्याचं काम पूर्ण काढून घ्यावं आणि त्याच्या भेटीचा अहवाल फक्त एका गोष्टीबद्दल असावा: वर्गात काय शिकवलं गेलं. नवीन अभियान येईल तेव्हा त्याच्या शासन निर्णयातच लिहावं की या अभियानामुळे जुना कोणता कक्ष बंद होतो, आणि तसं लिहिता येत नसेल तर नवीन समन्वयक नेमू नये. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने परस्पर करावी. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, कायद्याने. छत गळतंय की नाही हे त्यांना अभियंत्यापेक्षा आधी कळतं.

यावर एक शंका रास्त आहे. एकाच अधिकाऱ्याकडे इतकी सत्ता दिली तर तो मनमानी करेल. करेलही. पण आजच्या रचनेत मनमानी होत नाही असं कोण म्हणेल? फरक इतकाच की तेव्हा ती कोणाची हे कळेल. त्याला जाब विचारायला निवडून आलेले लोक मात्र जागेवर हवेत. नागपूर महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, जिल्हा परिषदेत जानेवारी २०२५ मध्ये तेच झालं. प्रशासक असताना शिक्षण समितीच्या बैठकीत एखाद्या सदस्याने ‘आमच्या गावच्या शाळेचं काय झालं’ असं दरडावून विचारायची सोयही उरत नाही. वर अधिकारी, खाली अधिकारी आणि मध्येही अधिकारीच.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं आणि दरवर्षी शिक्षकांचे मोर्चे टेकडी रोडवर अडवले जातात. अनुदान, पेन्शन, टप्पा वाढ या मागण्या असतात, त्या असाव्यातच. एखाद्या आमदाराने या वेळी जरा वेगळा तारांकित प्रश्न टाकून पाहावा: नागपूर जिल्ह्यातल्या किती शाळांना पूर्णवेळ मुख्याध्यापक आहे, शिक्षण विभागातल्या किती अधिकाऱ्यांकडे एकापेक्षा जास्त पदांचा प्रभार आहे, आणि गेल्या दहा वर्षांत या विभागातलं कोणतं एक तरी कार्यालय बंद झालं? उत्तर तयार करायचं तर माहिती लागेल. ती मंत्रालयातून पुण्याला, पुण्याहून उपसंचालकांना, तिथून तिन्ही शिक्षणाधिकाऱ्यांना, तेरा गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना मागितली जाईल, आणि दुपारी तीनच्या सुमारास प्रभारी मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर एक लिंक येईल: ‘तातडीचे. आज पाचपर्यंत.’